जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मध्येच ल्यूटन

ताई, नमस्कार. मी ३४ वर्षांचा, मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. २०२३ च्या मे महिन्यात एका रात्री सहज मोबाइलवर ल्यूटन टाउन नावाच्या इंग्लिश फुटबॉल क्लबची फायनल लागली. पेनल्टीवर जिंकून ते प्रीमिअर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या पायरीवर गेले. मग त्यांची सगळी कहाणी वाचून काढली अन् मी त्यांचाच झालो. पुढच्या वर्षी ते खाली घसरले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक पायरी खाली. हॉटेलात चहाला बसलो की मित्र म्हणतात, "कामून जीव जाळू लाला रे, ते वळखतेत का तुला?" मंगळवारच्या मॅचसाठी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो, त्यावरून घरात कटकट. क्लबची जर्सी मागवली, ती कुरिअरसकट महिन्याच्या किराण्याएवढ्याला पडली. बायकोला अजून सांगितलेलं नाही. खरं दुखणं वेगळंच आहे. २०२५ च्या मे महिन्यात सीझनची शेवटची मॅच मी नऊ वर्षांच्या मुलाला शेजारी घेऊन पाहिली. ५-३ नं हरलो, पुन्हा खाली गेलो. लेकरू म्हणालं, "पप्पा, आपण दुसरी टीम घेऊ ना." मला उत्तर देता आलं नाही. न पाहिलेल्या गावासाठी एवढं करणं हा वेडेपणा आहे का? सोडून द्यावं का?
– एक वाचक, परभणी

भाऊ,

जर्सीचं आधी. आज रात्री जेवणं झाली की बायकोला सांगून टाका. तुमच्या पत्रात फुटबॉल पुष्कळ आहे, पण मला काळजी वाटली ती या एकाच ओळीची. आडतीवर लोकांच्या पट्ट्या, तोलाई, हमाली पैशापैशानं जुळवणारा माणूस घरच्या वहीत एक नोंद दडवून ठेवतो, हे काही बरं नाही. त्या चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी 'बघू तरी कशी आहे' म्हणतील.

आता ल्यूटन.

तुम्ही या क्लबाकडे आलात ते थेट पंगतीला. मांडवाचे खड्डे खणले गेले तेव्हा तुम्ही नव्हता. हा टोमणा समजू नका, बहुतेक माणसं वाजंत्री ऐकूनच आत येतात. पण तुम्ही नंतर जी कहाणी वाचून काढलीत, ती सगळी खड्ड्यांचीच होती ना? २००७, २००८, २००९ अशी लागोपाठ तीन वर्षं हा क्लब एकेक पायरी घसरला. तिसऱ्या वर्षी तर सीझन सुरू झाला तोच उणे ३० गुणांवर. एजंटांना दिलेल्या पैशांच्या घोळापायी १० गुण गेले, आणि दिवाळखोरीतून बाहेर पडताना नियम पाळले नाहीत म्हणून २०. म्हणजे दहा मॅच जिंका, तेव्हा कुठे शून्यावर या. मागची थकबाकी डोक्यावर घेऊन नवी वही उघडणं काय असतं, हे मुनिमाला मी काय सांगणार.

त्या सीझनमधली एक दुपार मला फार आवडते. एप्रिल २००९. खालच्या विभागांतल्या क्लबांसाठी एक चषक असतो, त्याची फायनल लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर होती. समोर स्कनथॉर्प. ल्यूटनकडून चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली होती. आपला संघ आता लीगच्या, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांच्या बाहेर फेकला जाणार, हे त्यातल्या प्रत्येकाला दिसत होतं. ज्यांच्या क्लबाला बाजारात कुणी विचारत नव्हतं, ती माणसं पोराबाळांना घेऊन, ठेवणीतले कपडे घालून, लग्नाला निघाल्यासारखी निघाली. जादा वेळेत ३-२ नं जिंकले, कप घेऊन घरी आले, आणि तो महिना संपायच्या आत क्लब खरोखरच लीगबाहेर गेला. कप कपाटात, क्लब रस्त्यावर. पुढची पाच वर्षं तिथंच काढली. २०११ ला वर यायची संधी पेनल्टीवर गेली, २०१२ ला पुन्हा फायनल हरले. २०१४ ला मात्र १०१ गुण करून आले. मग २०१८, मग २०१९, मग तुम्ही मोबाइलवर पाहिलेली ती रात्र. पेली रडॉक म्पान्झू नावाचा खेळाडू २०१३ पासून त्यांच्याकडे होता. लीगबाहेरच्या पायरीपासून प्रीमिअर लीगपर्यंत एकाच क्लबाबरोबर चढून गेलेला तो पहिलाच.

तेव्हा २०२४ आणि २०२५ ला जे झालं, ते या क्लबाच्या घराण्याला धरूनच झालं. (तुम्हाला वाटत असेल, आता ही बाई दुष्काळाची आणि कोरडवाहू रानाची उपमा देणार. देणार नाही. ज्याच्या रानात खरंच दोन वर्षं पीक आलं नाही त्याच्या दुःखाशी फुटबॉलचं दुःख मोजायचं नसतं, एवढं आपल्याला इथं राहून कळायला हवं.)

मला प्रश्न पडला तो वेगळाच. २०२३ ला तुमच्या मोबाइलवर मॅंचेस्टर सिटी होती, आर्सेनल होती. जिंकणारं गिऱ्हाईक दारात उभं असताना तुम्हाला ल्यूटनच का भावलं?

मीही याच जिल्ह्यातली, पूर्णेची. आपल्या गावाबद्दल दोन म्हणी आहेत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आपण छाती काढून सांगतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही दुसरे आपल्याला ऐकवतात. पुण्यात नोकरीला गेलेल्या माणसाला पहिली म्हण फारशी कुणी विचारत नाही. ल्यूटनही असंच गाव आहे. एकेकाळी हॅट बनवणाऱ्यांचं, म्हणून संघाला अजून 'हॅटर्स' म्हणतात. नंतर व्हॉक्सहॉलच्या मोटारींचं. तो कारखाना २०२५ च्या मार्चमध्ये बंद झाला, म्हणजे कारखाना गेला आणि दोन महिन्यांत संघही खाली गेला. लंडनला निघालेली माणसं तिथं विमानातून उतरतात आणि गाव न बघता पुढं जातात. आणि ते मैदान! १९०५ पासून तेच. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांचं दार ओक रोडवरच्या घरांच्या रांगेतून आत जातं, जिना चढताना खाली लोकांची परसं दिसतात. प्रीमिअर लीगमधले कोट्यधीश क्लब या गल्लीत आले तेव्हा टीव्हीवाले हसत होते. तुम्ही हसला नसाल. तुम्हाला कुठली तरी ओळखीची बोळ आठवली असेल. मला वाटतं, तुम्ही संघ बघून गेलाच नाही, गाव बघून गेलात. आणि गावावर जीव जडला असेल तर त्याला प्रगतिपुस्तक मागायचं नसतं.

तुमच्या मित्रांचा सवाल मात्र चांगला आहे. ते वळखतेत का तुला?

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. तरुणपणी, मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हा, हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनला गाडी घेऊन गेले की सुटीच्या वेळात फुटबॉल बघायचे. त्यांचा संघ हैदराबाद सिटी पोलीस. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं या पोलिसांनी मुंबईत जाऊन रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला आणि १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण मिळालं, ते याच रहीमसाहेबांच्या हाताखाली. वडिलांना त्या संघातला एकही माणूस ओळखत नव्हता. पुढं १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, हैदराबाद परराज्य झालं. सिटी पोलिसांचेही दिवस ओसरले. पण काचीगुड्याहून मीटरगेजची गाडी पूर्णेला लागली, की तिकडून आलेल्या गार्डाला वडील पाण्याचा तांब्या देत विचारायचे, "पुलिस का क्या हुवा, भाई?" मी लहान होते. मला वाटायचं, हैदराबादेत कुणावर तरी खटला चालू आहे आणि आपले वडील त्यात अडकलेत. कितीतरी वर्षं मी त्या खटल्याला घाबरून होते.

तर नाही ओळखत. त्यांनी तुम्हाला ओळखायचं कामच नाही. तुमच्या मित्रांना ज्या नटाचा पिक्चर पहिल्या दिवशी बघायचा असतो, तो तरी त्यांना कुठं ओळखतो?

पण म्हणून सगळं निमूट सोसायचं, असंही मी म्हणत नाही. हरणाऱ्या संघाबरोबर राहण्यात काही पुण्य नाही, हा काही उपवास नाही. चिडा, नावं ठेवा. ल्यूटनच्या लोकांनी उणे ३० गुणांच्या वेळी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, लीगच्या चालकांना जाब विचारला होता. आज त्यांच्या चाहत्यांच्या ट्रस्टकडे असा अधिकार आहे की क्लबाचं नाव, रंग, चिन्ह त्यांच्या संमतीशिवाय मालकाला बदलता येत नाही. म्हणजे तिथं चाहता नुसता भक्त नाही, सातबाऱ्यावर त्याचं नाव इतर हक्कात तरी आहे.

आणि खाली जाण्याला इतकं भिऊ नका. खाली जाणं आणि संपणं यात फरक आहे. इंग्लंडमध्ये बरी नावाचा क्लब होता, १८८५ सालचा, दोनदा एफए कप जिंकलेला. पैशांच्या घोळात २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याला लीगमधून काढूनच टाकलं. सीझन सुरू होऊन गेलेला, आणि लोकांना शनिवारी जायला जागाच उरली नव्हती. आपल्याकडे तर हे नेहमीचंच. महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद, फगवाड्याचा जेसीटी, ज्यानं पहिली नॅशनल लीग जिंकली होती, तो २०११ ला बंद. माझा भाचा पुण्याच्या एफसी पुणे सिटीचा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं नांदेडहून बालेवाडीला जायचा, दुसऱ्या रात्री परत. २०१९ ला तो संघच गुंडाळला आणि आयएसएल या आपल्याकडच्या फुटबॉल लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघानं घेतली. भाच्याकडे स्कार्फ आहे, क्लब नाही. त्याला कुणी चिडवतसुद्धा नाही. तुम्हाला अजून हॉटेलात चिडवतात, म्हणजे चिडवण्यासारखं काही तरी शिल्लक आहे.

मला स्वतःला या गोष्टीची चव कधी लागली ते सांगते, मग तुमच्या मुलाकडे येते. १९७७-७८ ची गोष्ट असेल. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतल्या पोरांचा एक संघ होता, माझा मोठा भाऊ त्यात गोलकीपर. जर्सी म्हणजे पांढरे बनियन. नंबर शिवायचं काम माझ्याकडे, कारण घरात मशीन होतं. लाल कापडाचे आकडे कापायचे, पाठीवर टाचायचे आणि कडा दुमडून शिवायचे. एक सोपा. सात सोपा. आठ म्हणजे जिवावर यायचं, त्याला आत दोन भोकं, दोन्हींच्या कडा आतून दुमडायच्या, आणि ती भोकं कधी सारखी यायची नाहीत. आठ नंबरचा पोरगा पाठमोरा पळायला लागला की डमरू पळाल्यासारखं दिसायचं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आईनं सगळे बनियन एकत्र भिजवले. लाल कापडाचा रंग गेला आणि अकराच्या अकरा बनियन गुलाबी. पर्याय नव्हता, तेच घालून उतरले. पहिल्याच मॅचला ७-० नं हरले, आणि मैदानाबाहेरून पोरं 'गुलकंद, गुलकंद' ओरडत होती. भाऊ घरी आला, बनियन माझ्या अंगावर फेकून म्हणाला, "पुन्हा नाही खेळणार." पुढच्या वर्षी स्पर्धा लागली तेव्हा आईनं नवे बनियन आणायला पैसे काढून ठेवले होते. संघानं ते घेतले नाहीत. 'गुलकंद' हेच नाव पावतीवर लिहून त्यांनी नाव नोंदवलं, आणि जे गुलाबी विटलं होतं त्याला मुद्दाम परत रंग दिला. जिंकले का? त्या वर्षी ३-० नं हरले. चार गोल वाचवले म्हणून भाऊ आठवडाभर कॉलनीत छाती काढून हिंडत होता. पुढं बापांच्या बदल्या होत गेल्या, कुणी मनमाडला, कुणी अकोल्याला, आणि संघ आपोआप विरला. पण आमच्या घरात अजून कुणी काही बिघडवलं की 'गुलकंद झाला' म्हणतात.

आता लेकराचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक शब्द दिसला, तो तुम्ही स्वतः लिहूनही तुमच्या नजरेतून सुटलाय. तो म्हणाला, "पप्पा, *आपण* दुसरी टीम घेऊ ना." 'मी दुसरी घेतो' म्हणाला नाही. 'तुम्ही हे सोडा' म्हणाला नाही. शेजारी बसून त्यानं पाच गोल खाल्ले, बापाचं तोंड उतरलेलं पाहिलं, आणि बापाला बरं वाटावं म्हणून त्याच्या अकलेनं त्याला जो उपाय सुचला तो सांगितला. त्याला संघाची काळजी नव्हती भाऊ, तुमची होती. नऊ वर्षांच्या पोराला बापानं निष्ठेचं प्रवचन देण्यासारखी ही जागाच नाही.

त्याला त्याचा संघ घेऊ द्या. शाळेत सगळी पोरं मॅंचेस्टर सिटीची असतील तर तोही सिटीचा होईल, होऊ द्या. त्या मॅचला तुम्ही त्याच्या शेजारी बसा, आणि सिटी हरली की चिडवू नका. हे शेवटचं जड जाईल, माहीत आहे. ल्यूटनच्या मॅचला त्याला बळंच बसवू नका. आला तर सरकून जागा द्या. कदाचित कधीच येणार नाही. माझ्या भावाची मुलं क्रिकेटशिवाय दुसरं काही बघत नाहीत, आणि 'गुलकंद' हा शब्द मात्र तीच सगळ्यात जास्त वापरतात.

आणखी एक करा. संध्याकाळी मोंढा उठला की त्याला घेऊन गावातल्या एखाद्या मैदानावर जा. पोरं फुटबॉल खेळत असतात, त्यांच्याकडे बहुधा चेंडू एकच असतो आणि त्यातली हवा कमी असते. एक हातपंप आणि सुई घेऊन गेलात तर दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला नावानं हाक मारतील. ल्यूटनची उणीव यानं भरून निघेल म्हणून सांगत नाहीये. टीव्हीवर ५-३ बघितलेल्या पोरानं एकदा जवळून बघावं की हरलेली पोरं मॅच संपल्यावर काय करतात. बरीचशी पाणी पितात, एकमेकांना शिव्या देतात आणि 'उद्या किती वाजता' विचारतात.

सोडून द्यावं का, असं सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. सोडलंत तर काही पाप नाही. ल्यूटनमध्ये एक दिवाही मालवणार नाही. पण पत्रात तुम्ही 'ते हरले' असं कुठंही लिहिलेलं नाही. 'हरलो' लिहिलंय, 'खाली गेलो' लिहिलंय. ज्याला सोडायचं असतं तो पत्र लिहीत नाही. तो रविवारी सकाळी स्कोअर बघायला विसरतो, आणि आपण विसरलो हेही त्याच्या ध्यानात येत नाही.

मंगळवारचं जागरण मात्र बंद. तिथं घरच्यांचं बरोबर आहे. तिकडं पावणेआठची मॅच म्हणजे आपल्याकडे सव्वाबारा, आणि हिवाळ्यात सव्वा वाजता सुरू. सकाळी डोळे तारवटलेले असताना सोयाबीनच्या पट्टीत एक शून्य इकडचं तिकडं झालं तर ते ल्यूटन टाउन भरून देणार नाही. सकाळी उठून स्कोअर बघा, चहाबरोबर. शनिवार तुमचा. गंमत अशी की शनिवारी दुपारी तीनच्या मॅच इंग्लंडात टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, लोक मैदानावर यावेत म्हणून साठच्या दशकापासूनचा हा दंडक आहे. म्हणजे खुद्द ल्यूटनमधला एखादा म्हातारा, ज्याला गुडघ्यामुळे मैदानावर जाता येत नाही, तो रेडिओला कान लावून बसतो तेव्हा तुम्हीही इथं मोबाइलला कान लावून बसलेले असता.

तीनची ती मॅच आपल्याकडे साडेसातला लागते, ऐन भाकऱ्यांच्या वेळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागं जातात, त्यानंतर साडेआठ. त्या दिवसांत जेवणं आठच्या आत उरकायची आणि भांडी तुम्ही घासायची, मॅच सुरू व्हायला पुरेसा वेळ मिळतो. आणि ती जर्सी पहिल्यांदा धुताना वेगळी धुवा.

– ताई